ड्रेसिंग बिघडलंय

६ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या आईला न सांगता लिहितोय, तेव्हा उत्तरात माझं नाव घेऊ नकोस.

तापातून उठल्यापासून तिचं नाक गेलंय. बोलली नाही, पण परवा दूध करपून घरभर वास सुटला, तरी ही बाई शेजारीच निवांत काकड्या चिरत होती! आपल्या हॉटेलातलं ते ग्रीक ड्रेसिंग ती आजवर वासावरच करत आली. आता कधी नुसतं व्हिनेगर लागतं, कधी लसूण नाकात जातो. सॅलडच्या बशा अर्धवट परत येतात. मी मात्र रोज फक्कड झालंय म्हणून सांगतो आणि तिची पाठ वळली की काउंटरखाली दुसरं घुसळतो. तेही धड होत नाही. तू तिच्याकडून माप मागून घे. मापानं करायला लागली तर निभेल. स्वयंपाकघर सुटलं तर ती खचेल गं.

तुझे,
बाबा

१३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. इथलं विकतचं ड्रेसिंग म्हणजे शिक्षा आहे! तुझ्या ग्रीक ड्रेसिंगचं माप कळव ना. अंदाजपंचे नको, चमच्यांत लिही. तुझं जरासं म्हणजे किती, हे मला जन्मात कळलेलं नाही. तब्येतीला जप.

माया आहेच, अशीच असू दे.
तुझी चिमणी

२१ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. आधी माप. दोन चमचे व्हिनेगर, लिंबाच्या एका फोडीचा रस, ठेचलेली लसणाची पाकळी, अर्धा चमचा वाटलेली मोहरी, हातावर चोळलेला ओरेगानो, मीठ, मिरपूड. मग सहा चमचे ऑलिव्ह ऑइल, बारीक धारेनं, घुसळत घुसळत. झालं? आता बाबांना कळव, माप मिळालं म्हणून. मला काय दिसत नाही? परत आलेल्या बशा मीच विसळते. काउंटरखालची त्यांची बाटलीही मीच धुते. वेडे कुठले.

पण चिमणे, मला वेगळंच काहीतरी सलतंय. तुझा धाकटा भाऊ गेल्यापासून त्याचा निळा शर्ट मी न धुता कपाटात ठेवलाय. त्यात तोंड खुपसलं की पोरगं जवळ आल्यासारखं वाटायचं. आता काहीच येत नाही. माझंच नाक गेलं, की शर्टातला वासच गेला? ह्यांना हुंगायला लावला. आहे की, म्हणाले. पण ज्या तोंडानं ड्रेसिंग फक्कड म्हणतात, त्याच तोंडानं म्हणाले ना! विश्वास कसा ठेवू? तू ये. तुला माझ्याशी खोटं बोलता येत नाही.

वाट बघते.
आई

३० मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तू कळवलंस ते दोनदा वाचलं. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं तर!

त्या दिवसापासून मी खरं बोलायला लागलो. आंबट झालंय म्हटलं, तिनं तेल वाढवलं. लसूण जास्त म्हटलं, तर माझ्यावर डाफरली, पण कमी केला. बशा आता चाटूनपुसून परत येतात. आमच्या ह्यांची जीभ सरळ झाली, असं सगळ्यांना सांगत सुटलीय.

काल तिनं पुन्हा शर्ट पुढे केला. मी हुंगला आणि आहे म्हणालो. या वेळी तिनं विश्वास ठेवला. शर्ट छातीशी धरून कितीतरी वेळ बसली होती.

पोरी, मीही तो चोरून हुंगत आलोय. त्याला नुसता कपाटाचा वास येतो, कधीपासूनच. तू आलीस की तूही आहे म्हण.

बाबा