मागच्या दारानं चढलेली

ट्रेनर ताई,

तुम्ही अहवालात लिहिलंत, ‘मुलगी एकटी प्रवास करू शकत नाही.’ ते खरं नाही.

गतिमंद मुलांच्या संस्थेतून बेकरीतल्या नोकरीसाठी तुम्ही तिला बसनं एकटीनं जायला शिकवलंत. आधी तिच्या शेजारी बसायचात, मग चार सीट मागे, मग दिसायच्याही नाहीत. तीन महिने खपलात. पहिल्या एकटीच्या दिवशी मला म्हणालात, “आई, तुम्ही घरीच थांबा.” पण मला राहवेना. तोंडाला स्कार्फ गुंडाळून मी मागच्या दारानं चढले. तिनं मला चपलांवरून ओळखलं. “आई, तू पण?” म्हणत शेजारी येऊन बसली, आणि गप्पांच्या नादात तिचा स्टॉप मागे पडला.

ती तासभर उशिरा पोचली. “बसमध्ये आई होती,” असं तिनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी म्हणाले, “काहीतरीच बोलते हो ती.”

बेकरीनं दुसरी मुलगी घेतली. तुमची फाइल बंद झाली. हे पत्रही आधीच्या तीन पत्रांसारखं कपाटातच जाणार.

ती अजून रोज साडेआठला डबा घेऊन दारात उभी राहते. म्हणते, “आई, तू मागून ये, मग मी जाते.”

मी बासष्टची आहे, ताई.

तिची आई