निरोगी गटातून हकालपट्टी

३ मार्च
आमच्या बाथरूमची कडी करकरते. मी रात्री उठतो, कडी करकरते, सुगंधा जागी होते आणि दोष माझा! सत्तावन्नाव्या वर्षी माणूस रात्री दोन-चारदा उठणारच. मुलुंडचं पाणीच तसं आहे. कडीला तेल घालायचं कबूल केलंय. उद्या नक्की.

५ मार्च
भाची अपूर्वा प्रोस्टेटच्या कॅन्सरवर पीएचडी करतेय. तुलनेसाठी निरोगी पुरुष हवेत म्हणाली. माझ्याशिवाय कोण? रक्त दिलं, डबीत लघवी दिली. विज्ञानासाठी.
त्यात मायक्रोआरएनए शोधणार. पेशीतले इवलेसे रेणू. जीनने धाडलेला निरोप मधल्या मध्ये दाबतात. कॅन्सरमध्ये ह्यांचंच तंत्र बिघडतं. काही भलतेच वाढतात, काही गायब. म्हटलं, म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी! हसली नाही. पीएचडीने विनोदबुद्धी जाते.

११ मार्च
अपूर्वाचा मेसेज. मामा, रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचं प्रथिन, जास्त आलंय, निरोगी गटातून तुझं नाव काढलंय, यूरॉलॉजिस्टला दाखव, मामीला सांग.
एका आकड्यावरून हकालपट्टी! मेसेज डिलीट. सुगंधाला कशाला ताप?

१२ मार्च
निषेध म्हणून डोंगर चढलो. वाटेत दोनदा झुडूप गाठावं लागलं. हवेत गारवा होता. मार्चमध्ये असतो कधीकधी.
रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद. कडीचं तेल राहिलं.

१७ मार्च
अपूर्वा थेट घरी. दार अर्धंच उघडून म्हटलं, मामी झोपलीय. आतून मामी ओरडली, "कोण इला? अपूर्वा? ये गो बाय!"
दोघी किचनमध्ये. मग सुगंधा बाहेर आली. "मी काय मेलंय? माका सांगूक नको?" एवढंच. भांडली असती तर जिंकलो असतो.
अपूर्वा म्हणाली, बायोप्सी करावी लागेल. म्हटलं, तुझे मायक्रोआरएनए सांगतील की, बायोप्सी कशाला? म्हणाली, त्यांचा अजून अभ्यासच चाललाय, नक्की काय ते बायोप्सीच सांगेल. आणि मामा, निरोप दाबणारा मायक्रोआरएनए ह्या घरात तूच आहेस.
पीएचडीने विनोदबुद्धी जात नाही.

२ एप्रिल
बायोप्सीचा रिपोर्ट आला. आहे. लवकर सापडलाय, म्हणाले डॉक्टर. मी त्यांना डोंगर चढल्याचं सांगितलं. ते लिहीत राहिले.
अपूर्वाला फोन केला. म्हटलं, घाल मला त्या दुसऱ्या गटात. हवी तर नवी डबी देतो.
हल्ली कडी करकरायच्या आधीच सुगंधा जागी असते. तरी दुपारी ती बाजारात गेल्यावर कडीला तेल घातलं. तिच्याच शिलाई मशीनचं.