कानात सांगितलेलं वजन

प्रिय आईस, धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. कंबर जरा धरली आहे, पण तू जिवाला लावून घेऊ नकोस.

आमच्या अतिदक्षता विभागात एक बाई होत्या, अंगानं फार जड. त्यांची कूस बदलायला आम्ही सहा जण लागायचो. मास्कमधूनही त्या म्हणायच्या, "पोरींनो, तुमची कंबर मोडेल गं माझ्यापायी."

औषधासाठी वजन विचारलं, तर त्यांनी माझ्या कानात सांगितलं, तेही वीस किलो कमी करून. आमची खाटच वजन मोजते, हे त्यांना कुठे ठाऊक! मी मान डोलावली आणि खाटेवरचा आकडा लिहिला.

धाप त्यांना वर्षभर लागत होती. दवाखान्यात लोक हसतात म्हणून आल्याच नाहीत. काल गेल्या. अंगावर घालायला एक चादर पुरेना. दोन जोडून मी टाके घातले, तू शिकवलेस तसे बारीक.

दादाला अजून जिन्यात थांबावं लागतं का गं? बाबांना सांग, ताटावर त्याची थट्टा नको. आणि त्याला दवाखान्यात ने.

फक्त वजन विचारतील तेव्हा तू बाहेर थांब. तुझ्यासमोर तो कमी सांगेल.

तुझीच,
धाकटी