यंदा पोहे कुणाकडे

आई, तक्रार आहे, आणि ती पोह्यांविषयी आहे. काल दादरच्या बाजारात मी जाडे, पातळ आणि लाल गावठी असे तीन प्रकारचे पोहे मागितले, तर दुकानदार म्हणतो, "काका, एकच घ्या, मसाला तीन प्रकारचा घाला. खाणाऱ्याला काय कळतंय?" बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला असा अधर्म भर रस्त्यात ऐकावा लागला. मी त्याला चावदिसाचं माहात्म्य सांगायला घेतलं. नरकचतुर्दशीची पहाट, तुळशीपाशी अंगठ्याने फोडलेलं कारीट, मग अख्ख्या घराने एकत्र बसून खायचे पाच तऱ्हेचे पोहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या मागच्या बाईंना विचारलं, "ताई, तुम्हाला काय देऊ?"

तू गेल्यापासून हे पोहे परळच्या आपल्या खोलीत तुझ्या सुनेनेच केले. गेल्या दिवाळीला शेवटचं पातेलं घासून तिने पालथं घातलं आणि जाहीर केलं, "झालं माझं. पुढल्या वर्षापासून पोरांनी करायचं." यज्ञात आहुती देताना 'इदं न मम' म्हणतात, ते तिने पातेल्याकडे बघून म्हटलं. मला वाटलं, बरंच झालं. मुलगा कॉटन ग्रीनला, लेक गिरगावात खोताच्या वाडीजवळ, दोघांचीही घरं आपल्या खोलीहून ऐसपैस. अडचण एकच. तुझी नातवंडं एकमेकांशी बोलत नाहीत. तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी लेक म्हणाली, आणखी एका डॉक्टरांना विचारू. मुलगा तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "तू लग्न करून गेलीस ना? मग इथलं मी बघतो." मी बरा झालो. ते वाक्य अजून बरं झालेलं नाही.

तेव्हापासून दोघं भेटतात ती फक्त चावदिसाला, आपल्या खोलीत, कारण तिथे यायला कुणालाच कुणाचा उंबरा ओलांडावा लागत नाही. बोलतात तेही हिच्यामार्फत. "आई, त्याला सांग दह्याचे पोहे इकडे सरकव." "आई, तिला सांग हात पोचतोय तिचा." हात पोचत असतोच. तरी वाडगं सरकतं. तेवढ्यावर मी पुढचं वर्ष काढतो. आता एकाकडे पोहे द्यायचे म्हणजे दुसरं यायचं नाही. मग मी काय केलं, ऐक. रविवारी सकाळी लेकीला फोन केला, यंदा तुझ्याकडे. तिने लगेच विचारलं, "तो येणार? माझ्याकडे?" म्हटलं, येणार. संध्याकाळी मुलाचाच फोन आला. "बाबा, आई म्हणत होती यंदा आम्ही करायचं. मी करतो ना." तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, कर. "ती येईल?" येईल. "तिने स्वतः सांगितलं?" आणि आई, मी म्हणालो, हो, स्वतः. मग लेकीवर अन्याय नको म्हणून तिलाही पुन्हा फोन करून तेच सांगितलं, की येतो असं तो स्वतः म्हणालाय.

बी.ए. झालो त्या उन्हाळ्यातली दुपार आठवते. बाबांनी ओळखीने गोदीतल्या कारकुनीचा अर्ज आणलाय, सरांनी एम.ए.ला नाव घालायला सांगितलंय, आणि मी दोघांनाही हो म्हणून बसलोय. तू स्टोव्हला पिन मारतेयस. मान वर न करता म्हणतेस, "तू खोटा बोलणस नाय. पण कोणाक नाय पण म्हणणस नाय. ता त्याच्यापेक्षा वायट." मग पदराला हात पुसून तूच बाहेर जातेस आणि बाबांना सांगतेस, तो गोदीत जावचो नाय. माझं संस्कृत तुझ्या त्या एका 'नाय'वर उभं आहे. पुढे ते काम हिच्याकडे आलं. मी फक्त हो म्हणत राहिलो, आणि या वेळेपर्यंत खोटंही बोलायला शिकलो.

आज सकाळी लेकीचा फोन. सुट्टी टाकली आहे, पाट आणलेत, कारीट मिळालं. मग सहज विचारावं तसं, "त्याला पित्त होतं ना अजून? कमी तिखटाचे वेगळे काढते." तीन वर्षांत तिने भावाविषयी मला काही विचारलेलं नव्हतं. तासाभराने मुलगा. "बाबा, नारळाच्या रसातल्या पोह्यांत वेलची किती घालायची? तिला जास्त लागायची, म्हणून विचारतोय." मी दोघांनाही उत्तरं दिली. फोन ठेवला तर ही स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"दोघांना हो म्हणालात?"

"हो."

"मग आता दुसरं पोट आणा कुठून तरी." चपला घालता घालता म्हणाली, "मी हिंदमाताला खरेदीला चाललेय. परत येईन तोवर दोघांना खरं काय ते सांगून झालेलं पाहिजे. मी नाही सांगणार या वेळी." हिला एवढंच ठाऊक आहे, की मी दोन घरं ठरवली. 'स्वतः सांगितलं' हे तिला ठाऊक नाही.

ती जाऊन दीड तास झाला. फोन समोर आहे आणि मी तुला लिहितोय. पत्ता असता तरी हे टाकलं नसतं. तू लगेच माझ्या वतीने निघाली असतीस.

तू म्हणशील, त्यात काय, भावाने वेलची विचारली ते बहिणीला सांग, बहिणीने पित्ताचं विचारलं ते भावाला सांग. ते तर खरंच घडलंय. पण आधी हे सांगावं लागेल, की स्वतः येतो असं दोघांतलं कुणीच म्हणालं नव्हतं. ते म्हटल्यावर पुढचं माझं कोण ऐकेल? दोघांनाही वाटेल, बाबा आणखी एक थाप मारतायत. मला ते माफ करतील. पण आपण एकटेच वेड्यासारखी वाट बघत होतो, असं समजून दोघंही पुन्हा दार लावून घेतील, आणि या खेपेला ते मी लावलेलं असेल. आम्ही दोघं गेल्यावर ते उघडायला कुणी नाही. परवा चावदिस आहे, आई, आणि मला फार भीती वाटतेय.