घरून कामाची सवलत रद्द होणेबाबत, आणि वडिलांनी उचललेल्या गोणीचा खुलासा

प्रति,
मा. केंद्र व्यवस्थापक,
वाघूरकाठ माती व पाणी परीक्षण केंद्र,
जळगाव.

अर्जदार : प्रशील पितांबर बिऱ्हाडे, अहवाल सहायक, रा. पहूर, ता. जामनेर, जि. जळगाव.

विषय : बुधवार व गुरुवार घरून काम करण्याची सवलत रद्द होऊन पूर्ण आठवडा कार्यालयात बसू देणेबाबत.

संदर्भ : १) घरून कामाच्या विकल्पाबाबत आपले परिपत्रक.
२) आपली खुलासा मागविणारी नोटीस, दि. १५ मे २०२५.

महोदया,

आपली नोटीस मला शुक्रवारी कार्यालयात मिळाली. ती मी जिन्यात उभा राहून वाचली, कारण टेबलाशी बसून वाचण्याची माझी छाती झाली नाही. तीत दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, बुधवारी माझे वडील विनापरवानगी नमुना कक्षात का शिरले आणि तेथील मातीच्या नमुन्यांची गोणी त्यांनी का पाडली. दोन, घरून काम करण्याबाबतचा अंतिम विकल्प मी अजून का दिला नाही. माझ्या दुर्दैवाने दोन्हींचे उत्तर एकच आहे, म्हणून एकाच अर्जात सादर करतो. घरची लक्तरे कार्यालयीन कागदावर मांडावी लागत आहेत याची मला फार लाज वाटते. पण न मांडावीत तर खुलासा होत नाही.

१. माझे वडील श्री. पितांबर बिऱ्हाडे यांनी जामनेरला धान्याच्या बाजारात उभा जन्म हमाली केली. मागील वर्षी त्यांच्या अंगावरून वारे गेले व उजवा हात निकामी झाला. डॉक्टरांनी सांगितले की हात रोज वळवा, दाबा, वर उचला, म्हणजे थोडाफार परत येईल. माझी आई कलाबाई प्रयत्न करते, पण तिने हात धरला की वडिलांना ती भांडायला आली असे वाटते व ते हात काढून घेतात. माझे ते ऐकतात. मी समोर बसून कणकेचा गोळा त्यांच्या मुठीत देतो आणि ते कुरकुर करत का होईना दाबतात. म्हणून आपले परिपत्रक आले तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले. महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर दोन दिवस घरून काम, त्यानंतर अंतिम विकल्प. मी त्याच दिवशी होकार दिला आणि घरी येऊन मोठ्या तोंडाने सांगितले की आता बुधवार-गुरुवार मी घरी.

२. येथे हमालीच्या धंद्याची एक रीत नमूद करणे भाग आहे. त्या धंद्यात मुकादम कोणाला तोंडावर जा म्हणत नाही. टोळीतला माणूस थकला की आठवड्यातून दोन दिवस त्याला ‘आज राहू दे’ म्हणतो. मग चार दिवस. मग त्या माणसाला आपले आपणच कळते. वडील आजारातून उठून बाजारात गेले तेव्हा त्यांना असेच दोन दिवस, मग चार दिवस राहू देण्यात आले होते. त्यामुळे माझी आनंदाची बातमी ऐकून त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि एवढेच विचारले, “साहेब तुह्यावर नाराज हाये का रे?” मी हसलो. मी हसायला नको होते, हे आता कळते.

३. पहिल्या बुधवारी मी ओसरीत संगणक मांडून बसलो. ऐन उन्हाळा, दार उघडे, आणि आमचे घर ऐन रस्त्यावर. येणारा-जाणारा डोकावून विचारू लागला, आज सुट्टी का भो? दुसऱ्या दिवशीही मीच दिसल्यावर विचारणेही बंद झाले, नुसते बघून पुढे जाऊ लागले. शेतकऱ्यांना फोनवर मातीचा अहवाल समजावून सांगणे हे माझे काम, पण बाहेरून पाहणाऱ्याला भरल्या दुपारी एक तरणाबांड माणूस बनियनवर बसून फोनवर गप्पा हाणताना दिसतो. बनियनची चूक माझी आहे. पुढच्या वेळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, तर लोकांना वाटले मी मुलाखतीला निघालो आहे.

४. यापुढचे लिहिताना मान वर होत नाही. दोन आठवडे झाले आणि वडिलांनी गोळा दाबणे सोडून दिले. माझ्याकडे पाठ करून निजू लागले. चार लोकांत त्यांची मान खाली जाते हे पाहून मी असे ठरवले की घरून काम करायचे, पण घराबाहेर. तिसऱ्या बुधवारी सकाळी डबा व पिशवी घेऊन मी नेहमीसारखा निघालो, जळगावऐवजी जामनेरच्या गाडीत बसलो आणि तेथील बसस्थानकात बाकावर संगणक मांडून दिवसभर आपल्या कार्यालयाचे काम केले. काम चोख झाले आहे, अहवाल तपासून पाहावेत. परंतु ज्या हातासाठी सवलत घेतली तो हात घरी पडून, आणि मी वीस रुपयांच्या उसाच्या रसावर बाकावरची जागा राखतो आहे, अशी गत झाली. करायला गेलो एक आणि झाले भलतेच.

५. त्यातही माझे नशीब असे की आमच्या गल्लीतले वना काका त्या दिवशी जामनेरला दातासाठी आले होते. त्यांनी मला डबा खाताना पाहिले. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. गावी येऊन मात्र त्यांनी सांगितले की पितांबर आबांच्या पोराची नोकरी गेली आणि बिचारा बापाला कळू नये म्हणून स्टँडवर बसून दिवस काढतो. महोदया, यातला एकच शब्द खोटा होता, आणि तो खोडायला मला कोणी विचारलेच नाही.

६. आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेले की नातलग दारावर येतात. येऊन बसतात, फार बोलत नाहीत, आणि उठून जाताना ‘येतो’ म्हणत नाहीत. दुःखाच्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. दि. ८ रोजी, गुरुवारी, स्टँडच्या गोंगाटात आपली बैठक होणार नाही म्हणून मी घरीच कामाला बसलो असता रावेरहून माझे मामा प्रेमराज आणि आणखी काही मंडळी गाडी करून आली. पुरुष टोप्या सारख्या करून ओसरीत भिंतीला टेकून बसले. मामींनी उंबऱ्यातच पदर तोंडाला लावला. मी आपल्या साप्ताहिक बैठकीत होतो. आपण पडद्यावर माझ्या मागची ती रांग पाहून विचारले होते की घरी सर्व ठीक आहे ना. मी नेट कमजोर असल्याचे सांगून चेहरा बंद केला. नेट चांगले होते. कामगिरीचा तक्ता मी आवाज काढून वाचत होतो आणि मागे मामी हुंदके देत होत्या. मंडळी उठली तेव्हा कोणीही ‘येतो’ म्हणाले नाही. वडील दारापर्यंत त्यांना पोचवायला गेले आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. माझी नोकरी जिवंत असताना तिचे सुतक माझ्या बापाने पाळले, आणि मी पुढचा अहवाल उघडला.

७. आता दि. १४ चा प्रकार. त्या बुधवारी मी पुन्हा जामनेरच्या बाकावर होतो. आई पाण्याला गेल्याचे पाहून वडिलांनी सदऱ्यावर हमालीचा जुना पितळी बिल्ला लावला, डोक्याला उपरणे गुंडाळले आणि एकटे एसटीने जळगावला आले. आपल्याला भेटून माझ्यासाठी रदबदली करावी हा त्यांचा हेतू. परंतु बुधवार असल्यामुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि आपलीही. शिपाई सुकलाल भाऊंनी त्यांना सांगितले की मॅडमसुद्धा आज घरीच असतात. वडील बराच वेळ आपल्या खुर्चीकडे पाहत उभे राहिले. मग सुकलाल भाऊंनाच मुकादम समजून त्यांच्यापुढे डावा हात कपाळाला लावून म्हणाले, “माह्यामुळं पोरगं घरी बसलं. आता मी नीट झालो. त्याले परत घ्या.” आणि आपण नीट झालो आहोत हे दाखवण्यासाठी नमुना कक्षाच्या दारात ठेवलेली रावेरच्या केळी बागायतदारांच्या मातीची गोणी त्यांनी डाव्या हाताने उचलली. गोणी कलंडली, आतल्या पिशव्या फुटल्या, माती एकमेकीत मिसळली. झालेल्या नुकसानीबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. त्या सर्व शेतांवर जाऊन येत्या रविवारी मी स्वतः नवीन नमुने घेऊन येईन. कोणत्या बांधापासून किती आत खणायचे ते मला माहीत आहे.

८. वरील कारणास्तव माझी सवलत रद्द करावी, अशी विनंती करण्यासाठी मी हा अर्ज लिहावयास घेतला. गावाने मला रोज सकाळी गाडीत चढताना पाहावे, आणि वडिलांनी मान वर करून ओट्यावर बसावे, एवढेच मला हवे होते.

९. परंतु परिच्छेद ७ लिहून झाल्यावर फुटलेल्या पिशव्या कोणकोणाच्या होत्या हे विचारण्यासाठी मी आत्ता सुकलाल भाऊंना फोन केला. त्यांनी नावे सांगितली आणि जाता जाता म्हणाले की आबांनी गोणीचे दोन्ही कान धरले होते. मी म्हटले, एकच धरला असेल, उजवा हात चालत नाही. ते म्हणाले, “अहो, उजव्यानंच आधी धरला. वीतभर वर आली गोणी, मग सुटली.” सबब परिच्छेद ७ मध्ये ‘डाव्या हाताने’ असे जे लिहिले आहे ते चुकीचे आहे, ‘दोन्ही हातांनी’ असे वाचावे. महोदया, माझ्या समोर, माझ्या घरात, पहिल्या दोन आठवड्यांच्या त्या कणकेच्या गोळ्यांनी हात परत येत होता, आणि मी लोक काय म्हणतील म्हणून बसस्थानकावर जाऊन बसलो. लाज वाटायची तर याची वाटायला हवी होती. मी भलत्याच गोष्टीची वाटून घेत बसलो.

१०. म्हणून विषयात ‘रद्द होऊन पूर्ण आठवडा कार्यालयात’ असे लिहिले आहे तेथे ‘कायम राहून दोन दिवस घरी’ असे वाचावे. खाडाखोड केलेला अर्ज आवक टेबलावर घेत नाहीत, म्हणून विषय खोडलेला नाही. बुधवार-गुरुवार मी घरीच, ओसरीत, दार उघडे ठेवून काम करीन. शर्ट घालीन.

११. आता एकच अडचण राहते आणि ती आपल्याशी संबंधित आहे. कार्यालयातून परत आल्यापासून वडिलांची अशी पक्की समजूत झाली आहे की आपलीही नोकरी गेली. मी समजावले, आईने समजावले. ते म्हणतात, खुर्ची मी डोळ्यांनी पाहिली. एका परीने ते सुधारले आहेत, कारण आता दोष एकट्या माझा राहिला नाही. पण आपल्याबद्दल ते फार हळहळतात. एवढी शिकलेली बाई, असे सारखे म्हणतात. आणि सुकलाल भाऊंकडून पत्ता घेऊन येत्या बुधवारी ते आईसह जळगावला आपल्या दारावर येणार आहेत. मी पाया पडून सांगितले, पण दुःखात माणसाने माणसाकडे जायचे नाही तर कधी जायचे, असे ते मलाच विचारतात.

१२. त्यांना थांबवण्याचा प्रयत्न मी आता सोडून दिला आहे. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही, कारण मुलगा बापाला बरे वाटावे म्हणून काहीही सांगतो. मुकादमाला मात्र ते मानतात, आणि माझा मुकादम म्हणजे आपण. तरी विनंती की बुधवारी दोन म्हातारी माणसे आपल्या दाराशी येऊन न बोलता बसली, तर कृपया घाबरू नये व संगणक बंद करू नये. आपले काम चालू ठेवावे, शक्य झाल्यास एखादा फोन त्यांच्यादेखत घ्यावा, आणि घरात बसलेल्या माणसाचे काम कसे चालते ते त्यांना डोळ्यांनी पाहू द्यावे. चहा दिल्यास कप उजव्या हातात द्यावा. थोडा सांडेल, त्याबद्दल आगाऊ क्षमस्व. उठताना ते काय म्हणतात तेवढे कृपया ऐकून ठेवावे. न बोलता निघाले, तर मी गुरुवारपासून रोज कार्यालयात हजर राहीन. ‘येतो’ म्हणाले, तर माझा अर्ज मंजूर झाला असे मी समजेन.

आपल्या दारी येणाऱ्या पितांबर हमालांचा मुलगा व आपला नम्र सहायक,

(सही)
प्रशील पितांबर बिऱ्हाडे

पहूर, रविवार, दि. १८ मे २०२५

सोबत :
१) घरून कामाचा अंतिम विकल्प, ‘होय’ वर खूण करून.
२) नवीन नमुने आणावयाच्या शेतांची नावे, सुकलाल भाऊंनी सांगितल्याप्रमाणे.