तोंडावरचं नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही जात नाही. लेक बापावर एवढी चिडते कशी म्हणाल, तर ऐका. कोर्टातले बेलिफ तुम्ही. लोकांच्या दारात हुकूम बजावण्यात जन्म गेला. भिंगारच्या आपल्या दोन खोल्यांत जेवताना तुम्हीच सांगायचात, "घरात नसलेला मानूस बेलिफाला लई वंगाळ. तोंडावर न्हाई म्हनला तर सोन्यावानी! दोन पंचांनी ऐकलं, कागद दाराला डकवला, की झाली बजावनी." हे मी लहानपणापासून भाकरीबरोबर गिळलंय. मग त्या दिवशी तुम्हाला कसं कळलं नाही हो?

नव्वदीची ती वर्षं. तहसिलीत आवक-जावकच्या खिडकीवर मी नवीनच, नोकरी अजून कच्ची. राहुरीच्या रस्त्याला गायरानावर आपल्याच समाजाची पत्र्याची घरं होती. सरकारला ती हटवायची होती, आणि लोक हायकोर्टात गेले होते, की जगायचा हक्क घटनेनं दिलाय, आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय घर पाडता येत नाही. स्टे मिळाल्याची कुणकुण आदल्या दिवशीच आमच्या साहेबांना लागली. सगळ्या कारकुनांना बोलावून म्हणाले, "राज्य कोणी चालवायचं, सरकारनं का कोर्टानं? उद्या दुपारपर्यंत खिडकी बंद. कोणी आलंच तर साहेब नाहीत, शिक्का नाही. संध्याकाळी घेऊ की कागद, आपण कुठं नाही म्हणतोय!" दुपारपर्यंत घरं भुईसपाट झाल्यावर त्या कागदाचं काय लोणचं घालायचं होतं? सकाळी तुम्ही मला एवढंच म्हणालात, "खळ कर गं, जरा घट्ट." मी नोकरीला लागल्यापासून हातातल्या कागदाचं घरात बोलायचं नाही, हा तुमचाच नियम. मी स्टोव्हवर कणीक ढवळतेय, तुम्ही चपला झटकताय. तुम्ही कुठं निघालात ते मला कळलंय.

खिडकी लावून सगळे चहाला पळाले. मी ती उघडली आणि बसून राहिले. तिकडे गायरानात डोझर येऊन उभा होता. तुम्ही येताय, मागे तुमचे दोन पंच, एक पानवाला आणि एक हमाल. "बाई, हायकोर्टाचा हुकूम हाय, घ्या." मला बाई म्हणालात, अण्णा! मी ओरडलेच, "घेणार नाही! तहसील हा कागद घेत नाही!" तुमचं तोंड असं उतरलं, की मला भडभडून आलं. तुम्ही खळीची डबी काढलीत, साहेबांच्या दारावर हुकूम डकवलात, पंचांच्या सह्या घेतल्यात. आवारातली माणसं जमून वाचायला लागली. साहेब आतच होते. बाहेर आले, दार बघितलं, मग मला म्हणाले, "तुला नाही म्हणायला कोणी सांगितलं होतं?" पण आता हुकूम माहीत नव्हता असं म्हणायची सोय उरली नव्हती. साहेबांची जीप गायरानाकडे पळाली, डोझर मागे फिरला. घरं राहिली.

पुढं माझी चौकशी लागली. बाप-लेकीनं संगनमत केलं म्हणे. नोकरी जाणार हे मी धरूनच चालले होते. तुम्हाला जबाबाला बोलावलं, तर तुम्ही म्हणालात, "लेक माझी हाय, पन तिनं मला तोंडावर न्हाई म्हटलं. ठरवून? अहो, त्या दिसापासून मी तिच्या हातचं जेवत न्हाई." चौकशी तिथंच मिटली. खरं सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठीसुद्धा खोटा जबाब दिला नसता, हे मला ठाऊक होतं. मिटल्यावर सांगणारच होते. पण तुम्ही माझी भाकरी बाजूला सारायचात ना, तेव्हा अशी चीड यायची! म्हटलं, ज्यानं शिकवलं त्यालाच कळू नये? कळेल तेव्हा कळेल. आणि तुम्ही तसेच गेलात.

आता हे पत्र कुणावर बजावू? डकवायला तुमचं दारसुद्धा राहिलं नाही. घडी करून ठेवते झालं. फक्त एवढं ऐका. त्या दिवशी खिडकीत मी घाबरले होते, ते खरंच. पण आवाज चढवला, तो मागच्या दोन्ही पंचांना नीट ऐकू जावा म्हणून.