तुमच्या मुलीने चहात साखर घातली

गुरुजी,

तुमच्या मुलीविरुद्ध तक्रार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तक्रार ऐकून घ्यायला तिकडे कोणी बसलेलं नाही, हे मला कळतं. पण जावयाने सासऱ्याकडे आणि शिष्याने गुरूकडे दाद मागावी असा शिष्टसंकेत आहे, आणि माझे दोघेही एकाच देहात एकवटलेले असल्यामुळे मला दुसरं न्यायालय उरलेलं नाही. तर प्रकरण असं, की आज सकाळी तिने माझ्या चहात साखर घातली. चुकून पडली म्हणावी तर चांगली दोन चमचे, आणि ढवळलेली. कप माझ्यापुढे ठेवला, पदराला हात पुसले आणि पुन्हा ओट्याकडे वळली. गेली दीड-दोन वर्षं मी ज्या द्रवावर दिवस काढतोय त्याला वैद्य काढा म्हणतील. आमच्या घरात त्याला चहा म्हणतात. जिभेला त्याची इतकी सवय झालीय की पहिल्या घोटाला मी दचकलोच. तिच्या पाठीकडे बघत राहिलो. पाठ काही बोलली नाही.

हा चहा बिनसाखरेचा कसा झाला ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुमची संस्कृत विद्या मला शाळेत शिकवण्यापुरतीच आली, तुमचा मधुमेह मात्र पुरता आला, तोही रक्ताचं नातं नसताना. आमच्या शेजारी एक फोरमन राहतो, मूळचा आष्टीकडचा, इथे एमआयडीसीत सळया करणाऱ्या कारखान्यात भट्टीवर असतो. एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. निभावलं. डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि रोज चालायला सांगितलं, तर हा त्यांनाच विचारतो, "साहेब, दिवसभर भट्टीम्होरं घाम गाळून राह्यलो. त्यानं गेलं न्हाई ते सकाळच्या वाऱ्यानं कसं जाईन?" त्याची बायको आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "वहिनी, हे एकटे चालायचे न्हाईत. चौकापर्यंत जातील अन् भजे खाऊन परत येतील." तुमची मुलगी पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "एकटे कशाला? आपण सगळेच जाऊ." माझ्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई मागच्या गल्लीत राहतात, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. त्यांनाही तिने गाठलं. असे आम्ही चार रोगी झालो, आणि पाचवी ती, धडधाकट. ती फक्त सोबतीला.

एमआयडीसीच्या रस्त्याने आम्ही सकाळी निघायचो. रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर परतणारी माणसं आमच्याकडे बघून हॉर्न द्यायची, आणि फोरमन प्रत्येकाला हात करायचा, जणू मिरवणूक त्याचीच आहे. नियम सगळे तिने घातलेले. एकमेकांच्या ताटावर नजर ठेवायची. लग्नाच्या पंगतीत एकट्याने बसायचं नाही. आपल्यातलं कोणीतरी शेजारी हवं, म्हणजे जिलबी वाढणारा आला की शेजाऱ्याने ताटावर हात आडवा धरायचा. लोक आग्रहाला आले की आपला हात आपल्यालाच दगा देतो, म्हणून दुसऱ्याचा हात हवा, असं तिचं शास्त्र. एकदा फोरमनने हे कर्तव्य इतक्या निष्ठेने बजावलं की मला वरणसुद्धा मिळालं नाही. बाई पलीकडून म्हणाल्या, "सर, तुमच्या ताटावर कर्फ्यू लागलाय." तिच्या स्वतःच्या ताटावर हात कोणी धरायचा, हे ठरलंच नाही. तशी गरजच कोणाला वाटली नाही. ती आमच्या ताटांकडे बघायची, आणि आम्हीही आमच्याच ताटांकडे.

राहिला प्रश्न वजन करायचा. दवाखान्यातला छोटा काटा चालला असता, पण बाई म्हणाल्या, "बिलकुल न्हाई. मी चढणार, कंपाउंडर आकडा मोठ्यानं वाचणार, अन् बाकड्यावरचे समदे ऐकणार." फोरमनच्या बायकोने तर सांगितलं की जिवंतपणी ती तोलून घेणार नाही. मग फोरमनने तोडगा काढला. त्याच्या कारखान्याच्या फाटकाशी धर्मकाटा आहे, भरलेला ट्रक उभाच्या उभा तोलतात तो. महिन्यातल्या एका रविवारी आपण पाचही जणांनी त्याच्यावर एकदम उभं राहायचं. कोणाचं किती ते कोणालाच कळणार नाही. बेरीज उतरली म्हणजे झालं. आम्हाला हे इतकं पसंत पडलं की त्यात काही खोट असेल असा विचार संस्कृत, इतिहास आणि पोलाद यांपैकी एकाही शास्त्राला सुचला नाही. पहिल्या रविवारी आम्ही त्या लोखंडी पत्र्यावर ओळीने उभे राहिलो, फोटोला उभं राहतात तसे. काटेवाल्याने खिडकीतून विचारलं, "माल काय लिहू?" फोरमन म्हणाला, "भंगार लिही. जुनं." तुमची मुलगी इतकी हसली की काटेवाला म्हणाला, "मावशी, हलू नका, आकडा ठरंना." मग त्यानेच बजावलं, "हा ट्रकचा काटा हाय सर. दोन-चार किलोचं ह्याला कळत न्हाई."

म्हणून पहिल्यांदा आकडा खाली आला तेव्हा आम्हाला केवढं वाटलं. ट्रकच्या काट्याला कळावं इतकं आम्ही गमावलं होतं. चौकातल्या हॉटेलात बसून आम्ही तो साजरा केला, बिनसाखरेच्या चहाने आणि, तुम्ही विचारालच म्हणून सांगतो, भज्यांनी. पुढे काही महिन्यांनी आकडा पुन्हा उतरला. मी रस्त्यात उभं राहून एकीच्या बळावर दोन शब्द बोललो. प्रत्येकाला मनातून वाटत होतं की उतरलं ते आपलंच. फोरमन शर्ट आत खोचायला लागला होता.

मग संक्रांत आली. ती आणि फोरमनची बायको कासाराकडे बांगड्या भरायला गेल्या. संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमलो होतो; तिळगूळ समोर होता आणि ताटांवर हात आडवे होते. फोरमनची बायको कौतुकाने सांगायला लागली, "वहिनींचं माप उतरलं बरं का. साबण न्हाई, काही न्हाई, बांगडी सुळकन आत गेली." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, गुरुजी. तुमच्या मुलीने हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "चला, चहा टाकते." बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मुद्दाम माझ्याबरोबर मागे राहिल्या. गुडघ्यांचं निमित्त केलं. म्हणाल्या, "सर, शाळेत तपासणी झाली तवा माझं वजन जितकं होतं तितकंच निघालं. तुमचंही तितकंच. मी कागद बघितला. फोरमनभाऊंचा पट्टा पहिल्या दिवसापासून त्याच भोकात हाय. त्यांच्या बायकोचं तर विचारूच नका. मंग उतरलं कुणाचं?" मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, आणि नजर पुढे गेली. पुढे तुमची मुलगी चालली होती. शाल घेतलेली, फोरमनच्या बायकोचं बोलणं ऐकत, नेहमीच्या चालीने. शालीच्या आत जितकं माणूस असायला हवं तितकं नव्हतं. मी रोज तिच्याबरोबर जेवतो, गुरुजी.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. घनसावंगीहून जीपने यायचं, फाट्यावर उतरायचं आणि उसातून चालत तुमच्या घरी. काकू त्याआधीच गेलेल्या. चुलीशी ती बसलीय, आणि तुम्ही भिंतीला टेकून आम्हाला रूपं म्हणायला लावताय. बरोबर म्हटलं की गुळाचा खडा. डबा तिच्याकडे, आणि माझा खडा इतरांपेक्षा थोडा मोठा निघतोय. हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. एके दिवशी आम्ही सगळे पंगतीला बसलोय आणि ती भाकरी डाव्या हाताने वाढतेय. तुम्ही रागावलात. "डाव्या हातानं वाढतात का गं? एवढं शिकवलं न्हाई तुझ्या आईनं?" ती तशीच वाढत राहिली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर खरकटी ताटं उचलताना पदर सरकला, आणि उजवा तळवा दिसला. तव्यावर भाजलेला, फोड आलेला. तुम्ही उठलात आणि मागच्या दारी जाऊन उभे राहिलात. आमच्या लग्नात सगळ्यांनी आशीर्वाद दिले, तुम्ही मला बाजूला घेऊन एवढंच म्हणालात, "हिला विचारून उपयोग न्हाई. ही सांगत नसते. हात बघत जा." आणि हातात बांगडी सैल झाली तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो.

इथल्या डॉक्टरांनी तपासून औरंगाबादला पाठवलं. तिथे पोटातला तुकडा काढून तपासायला दिला आहे. उत्तर सोमवारी कळेल. तिला विचारलं, भूक कधीपासून नाही? म्हणाली, "पावसाळ्यापासून असेल. तुमचं सगळ्यांचं इतकं चांगलं चाललं होतं." आता चालणं चालू आहे, पण फोरमन आम्हाला धर्मकाट्याच्या बाजूने नेत नाही, दुसऱ्याच रस्त्याने वळवतो, आणि कोणी कारण विचारत नाही. रोज संध्याकाळी तो म्हशीचं दूध घेऊन येतो, सायीसकट, आणि खुर्चीत बसून राहतो. काल एवढंच म्हणाला, "त्यांच्या ताटाकडं कुणी बघितलंच न्हाई सर." आता आम्ही चौघंही बघतो. ती घास उचलते आणि हसते. "मी जेवू, का नुसतं तुम्हाला दाखवू?" दोन घास झाले की ताट सरकवते.

आता मूळ तक्रारीकडे येतो. तुमच्या पायाची जखम भरेना, तेव्हा ती तुमच्याकडे येऊन राहिली होती. तुमचा गुळाचा डबा तिने आल्या दिवसापासून कुलपात ठेवलेला. तुम्ही रुसलात, शिव्या दिल्यात, एकदा शेजाऱ्याच्या पोरीकडून मागवून खाल्लात. तिने दाद दिली नाही. मग जालन्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला घरी न्यायला सांगितलं. त्या दुपारी तिने तुमच्या ताटात भाकरी वाढली, तूप वाढलं, आणि शेजारी गुळाचा मोठा खडा ठेवला. मी समोर बसलो होतो. तुम्ही गुळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "गूळ? आज?" ती म्हणाली, "खा नाना." डॉक्टर काय म्हणाले ते आम्ही कोणीच तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही खडा फोडलात, अर्धा माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "रूप म्हण." मी म्हटलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. तुम्हाला कळलं होतं.

तेव्हा जाणारे तुम्ही होतात. मला कुठे जायचं नाही. मग ही साखर कशाची? औरंगाबादला डॉक्टरांनी मला खाली औषधं आणायला पाठवलं होतं. परत आलो तर दोघंही गप्प बसलेली. बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काही न्हाई हो. सोमवारी या म्हणाले." मी गेल्यावर तिने एकटीने काय विचारलं आणि काय ऐकलं, हे मला माहीत नाही. घरी आल्यापासून तिने मला गोळ्यांची वेळ सांगितलेली नाही. फोरमनच्या बायकोला मात्र आमच्या फडताळातले डबे दाखवत होती, कोणत्यात काय ते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, ती घाबरायची. तुमची मुलगी बाईंबरोबर भाजी आणायला गेलीय, यायच्या आत फाडून टाकीन. सकाळचा तो चहा मी पूर्ण प्यायलो. "साखर पडली का गं?" एवढंच विचारायचं होतं. ती "अगबाई, विसरलेच" म्हणाली असती तर मी सोमवारपर्यंत निभावलं असतं. पण मी विचारलं नाही. ती कधी काही विसरत नाही, गुरुजी. मला भीती वाटते ती त्याचीच.